कोण आपण?

११ ऑक्टोबर

कुमाई रुरी हिस,

सोबत दोन टॉवेल, तीन जोड मोजे आणि शब्दकोड्यांचं एक पुस्तक पाठवलं आहे. तिथे निरीक्षणगृहात धातू चालत नाही म्हणे, म्हणून पुस्तकाच्या पिना काढून टाकल्या. पानं सुटी झाली आहेत, तेव्हा क्रमाने लावून घे. मोजे नवे आहेत. माझ्या लाँड्रीत गिऱ्हाइकाने टाकून दिलेले नव्हेत, उगाच नाक मुरडू नकोस.

हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधी तिथल्या अधिकारी बाई वाचतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आडपडदा न ठेवता लिहिते.

पाच तारखेला, शनिवारी, दुपारी चार वाजता बाजारातल्या औषधांच्या दुकानातून सहा लिपस्टिका गेल्या. कॅमेऱ्यात निळी टोपी घातलेली एक पोर दिसली. साडेपाचला तू तसलीच टोपी घालून त्याच दुकानात शिरलीस आणि मालकिणीने तुझं मनगट धरलं. मी पाठीला लावायच्या पट्ट्या घ्यायला तिथेच रांगेत उभी होते. बरोबर आमच्या गायनमंडळातल्या त्सुगेबाई आणि आणखी दोघी होत्या. मी मध्ये पडले नाही.

का पडले नाही, हे तुला समजावून सांगायला नको. या मे महिन्यात न्यायालयाने तुला देखरेखीवर सोडलं आणि महिन्यातून दोनदा माझ्याकडे यायला सांगितलं, तेव्हा पहिल्याच भेटीत मी नियम सांगितला होता. घरात ये, बस, बोल. पण बाहेर, रस्त्यात, दुकानात, मी तुला ओळखत नाही आणि तू मला ओळखत नाहीस. गाव एवढंसं आहे. मी असल्या मुलांना सांभाळते हे निम्म्या गावाला माहीत आहे. मी तुला हाक मारली की लगेच लोक म्हणणार, ही त्यातलीच दिसते. नियम तुमच्याच भल्यासाठी केलेला आहे. तू तेव्हा बार्लीच्या चहाचा घोट घेऊन म्हणाली होतीस, "सोपं आहे. आमच्या घरात हाच नियम आहे." मी हसले होते.

आता दुसरी गोष्ट. "त्या दिवशी चार वाजता मी ओरिहाराबाईंच्या घरी होते," असं तू चौकशीत सांगितलंस म्हणे. माझ्या अहवालात तशी नोंद नाही. ‘पाच तारीख, आली नाही’ असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे, आणि अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला, म्हणजे विसरण्याचा प्रश्न येत नाही. तुझाच काही घोळ झाला असेल. सतराव्या वर्षी दिवस एकमेकांत मिसळतात.

एकतीस तारखेला न्यायाधीशांसमोर उभी राहशील. तोवर झालं ते कबूल करून पश्चात्तापाचं पत्र लिही, चांगल्या अक्षरात. कबूल करणाऱ्याकडे लोक मऊ नजरेने बघतात. नाही केलंस तर वर्षभर सुधारगृह आहे, आणि नोव्हेंबरपासून सलूनमध्ये शिकाऊ म्हणून मिळालेली जागाही जाईल. ती जागा मिळवायला तू आठ ठिकाणी हात जोडले होतेस, हे मला आठवतं.

पुढच्या महिन्यात आम्हा मार्गदर्शकांच्या मंडळातर्फे माझा सत्कार आहे. वीस वर्षांच्या सेवेबद्दल. अध्यक्ष हिशिदासाहेबांनी भाषणाला ‘डाग धुणारे हात’ असं नाव काढलं आहे. ऐकून मला मळमळलं, पण माणूस हौशी आहे, बोलून काय उपयोग.

तब्येत सांभाळ.

तुझी हितचिंतक आणि मार्गदर्शक,
ओरिहारा सेत्सु


१७ ऑक्टोबर

रुरी,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एक ओळ. "वस्तू पोहोचल्या. कोण आपण?"

वा! काय ती नम्रता! पत्त्यात माझं नाव नीट, घर क्रमांक बरोबर, आणि मजकुरात ‘कोण आपण?’ पोस्टमन कार्ड देताना हसत होता. त्याने वाचलं असणार, मेला सगळ्यांची कार्डं वाचतो.

मी वीस वर्षांत अकरा मुलं सांभाळली आहेत. सायकली चोरणारा एक होता, तो आता दोन मुलांचा बाप आहे, दर नव्या वर्षाला कार्ड पाठवतो. शाळेची काच फोडणारी एक होती, ती नर्स झाली. त्यांतल्या एकाने मला असं तोडून लिहिलं नाही. या कामाचा पैसा मिळत नाही, हे तुला माहीत आहे ना? वर लोकांची तोंडं बघावी लागतात. सुनेने तर स्पष्ट सांगितलं, "आई, ती पोरं घरात येतात तेव्हा मी मुलांना घेऊन माहेरी जाते." जाते, आणि जाताना फ्रीजमधले पीच घेऊन जाते.

माझंच चुकलं. फार लाड केले तुझे. इतर मुलं यायची, गुडघ्यावर हात ठेवून बसायची, "होय", "नाही" म्हणायची आणि जायची. तू आलीस ती पहिल्या दिवसापासून दुकानात डोकावायला लागलीस. "हा डाग कसला?" "हा?" मग तो खेळच झाला आपला. हिशिदासाहेबांच्या कोटावर सोया सॉस, त्सुगेबाईंच्या ब्लाउजवर केसांचा काळा रंग, आणि त्या जगाला सांगतात की आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत. तू हसून हसून लोळायचीस. मीही गिऱ्हाइकांची लक्तरं तुझ्यापुढे धुतली, लाज सोडून. आणि तू माझ्याच घरात बसून, माझ्याच रताळ्याने तोंड भाजून घेऊन, "हा हा" करत नळाखाली जीभ धरलीस, आणि आता विचारतेस, कोण आपण!

तुझ्या आईला फोन केला होता. म्हणाली, "तिला सांगा, मी कामात आहे." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की." तर फोन ठेवला. काही माणसांना मुलं होतात ती कशी, याचंच मला नवल वाटतं.

पश्चात्तापाचं पत्र लिहिलंस का? चौदा दिवस राहिले.

ओरिहारा


२४ ऑक्टोबर

रुरी,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि दोन पावलं गेले नाही तोच मागे वळले. मी रताळ्याचं लिहून बसले होते.

रताळी भाजून विकणाऱ्या म्हाताऱ्याची गाडी आमच्या गल्लीत यंदा पहिल्यांदा आली ती पाच ऑक्टोबरला, दुपारी पावणेचारला. त्याआधी उन्हाळा होता, तो येत नाही. तेव्हा तू माझ्याकडे रताळ्याने तोंड भाजून घेतलंस ते एकाच दिवशी. पेटीत हात घालून पत्र काढायचा प्रयत्न केला. मनगट अडकलं. बेकरीवाल्याच्या बायकोने येऊन सोडवलं आणि विचारलं, "पत्ता चुकला का हो?" मी म्हटलं, "नाही, पत्ता बरोबर आहे."

मग मी वाट बघत बसले. तिथल्या बाई पत्र वाचतील, त्यांच्या लक्षात येईल, फोन वाजेल. एक दिवस गेला, चार गेले, आज सात झाले. फोन वाजला तो पडद्यांच्या धुलाईसाठी. म्हणजे तुम्ही पत्रं वाचता तरी कशाला हो, अधिकारी बाई? शिक्का मारायला? मी पकडली जायची वाट बघतेय आणि कोणी पकडत नाही! तुमचीही मला किळस आली आहे, पण तुमचा नंबर बराच खाली आहे.

तर आता बाई, तुम्ही हे वाचताच आहात, तर नीट वाचा. दोनदा वाचा.

पाच ऑक्टोबरला दुपारी साडेतीन ते पावणेपाच कुमाई रुरी माझ्या घरी, दुकानामागच्या खोलीत होती. तिने कॉलरला इस्त्री कशी करायची ते शिकून घेतलं आणि एक रताळं खाल्लं. मी अहवालात ‘आली नाही’ असं लिहिलं. ते खोटं आहे. माझं अक्षर आहे, माझी सही आहे, माझा शिक्का आहे. डोकं ठिकाणावर असताना लिहिलं आहे.

आता रुरी, तुला. तुला सगळं माहीत आहे, पण मी ते कधी बोलले नाही, म्हणून लिहिते.

मालकिणीने विचारलं, "चार वाजता कुठे होतीस?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "एका ठिकाणी होते." तिने विचारलं, "कुठल्या?" तू गप्प. तोवर तू माझा नियम पाळत होतीस. मग तिने पोलिसांचं नाव काढलं, फोन उचलला, आणि तू घाबरून मला हाक मारलीस. ‘ओरिहाराबाई’ म्हणाली असतीस तर काय झालं असतं देव जाणे. तू म्हणालीस, "आजी, सांगा ना."

आजी! घरात कधी म्हणाली नव्हतीस.

पहिल्या पत्रात मी नियमाआड लपले. नियम मला पाठ आहे. आपण होऊन ओळख दाखवू नये, एवढाच नियम आहे. समोरच्याने हाक मारली तर ओ द्यावी, हे मंडळाच्या नियमपुस्तकात त्याच पानावर पुढच्या ओळीत आहे. ती ओळ मी तुला कधी वाचून दाखवली नाही, कारण मला वाटलं, गरज काय.

त्सुगेबाई हसल्या. "अगंबाई, ओरिहाराबाई, तुमची नात का? कधी बोलला नाहीत!" बाकीच्या दोघी तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांनी मीही बघितलं. अर्धे पिवळे, अर्धे काळे केस. नखांचे उडालेले पोपडे. बाहीला तळणाचा वास. वीस वर्षं मी लोकांची घामट, ओकलेली, रक्ताळलेली कापडं हातात धरते आहे, कधी हात मागे घेतला नाही. आणि त्या क्षणी मला तुझी किळस आली. ही माझी नात? माझ्या घरातली? या चौघींसमोर? तासाभरापूर्वी तू माझ्या शेजारी मांडीला मांडी लावून बसली होतीस तेव्हा ते सगळं होतंच की, केस, नखं, वास. तेव्हा कोणी बघणारं नव्हतं.

मी वाकले. किंचित, अनोळखी माणसाला वाकतात तेवढीच. आणि म्हटलं, "माफ करा, कोण आपण?"

तुला ‘आपण’ म्हटलं. अरेतुरे केलं असतं तरी थोडी ओळख उरली असती.

घरी आले तेव्हा तुझी बशी अजून टेबलावर होती, त्यात रताळ्याची सालं. ती मी कचऱ्यात टाकली, बशी धुतली, पुसून कपाटात ठेवली आणि मग अहवाल काढला. ‘आली होती’ लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग दुकानात बोलला का नाहीत? दोन शब्द झाकायला आणखी दोन शब्द लिहिले. लिहून झाल्यावर मी शांतपणे भात खाल्ला. त्याची मला आता सगळ्यात जास्त शिसारी येते. लोणच्याबरोबर पोटभर जेवले मी, रुरी.

सोमवारी हिशिदासाहेबांकडे गेले होते. सांगायला तोंड उघडलं, "अहवालात एक चूक झाली आहे," तर त्यांनी हात वर केला. "ओरिहाराबाई, या बाजूचा माझा कान जरा अधू आहे." मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. तर म्हणतात, "आज दोन्ही अधू आहेत. सत्काराची फुलं सांगून झाली आहेत हो. आणि पोरगी काय, आज ना उद्या जाणारच होती तिकडे. असल्यांचं काय, कुत्र्याचं शेपूट." वीस वर्षं या माणसाच्या हाताखाली मी ‘प्रत्येक मूल सुधारू शकतं’ असं छापलेली पत्रकं वाटली. त्यांच्या बायकोने चहा आणला. मी प्यायले. नको म्हणायचं धैर्य तिथेही झालं नाही.

बाई, या पत्राची प्रत न्यायाधीशांकडे जाऊ दे. माझा पत्ता वर आहे. दुकान सकाळी नऊ ते सात उघडं असतं, पण हे काम असेल तर बंद करून येईन.

तुझ्या कार्डावरच्या प्रश्नाला मी नीट उत्तर द्यायला बसले होते. उत्तर सापडत नाही. म्हणून आज सही करत नाही.


१६ नोव्हेंबर

रुरी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. तुझ्या टोपीच्या आत ठेवते आहे. ज्या कोणाला तू ती न्यायला पाठवशील, त्याच्याकडून तुला मिळेल, आणि या वेळी मध्ये कोणी वाचणार नाही. वाचलं तरी वाचो.

सुटल्यापासून तू मला भेटली नव्हतीस, आणि भेटावंस अशी माझी लायकी नव्हती. अधिकारी बाईंचा फोन पत्रानंतर दोन दिवसांनी आला. (त्यांनी वाचलं होतं. पहिलं पत्रही वाचलं होतं, दुसरंही. रताळं त्यांच्या लक्षात आलं होतं म्हणे, आणि गाडीवाल्या म्हाताऱ्याकडे त्यांनी चौकशीही लावली होती. मी त्यांना भलतंच बोलले. माफी मागितली तर म्हणाल्या, "तुम्ही स्वतः लिहिता का, ते बघत होते.") जबाब दिला, अंगठ्याचा ठसा दिला. मंडळाने मला काढलं. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं कळवलं. खोटं लिहायचं कसब तिथे माझ्यापेक्षा जुनं आहे. सत्कार दुसऱ्या कोणाचा झाला, पण गोड पावांचे डबे आधीच सांगितलेले होते, त्यातला एक मलाही आला. एक खाल्ला, उरलेले फेकले. आतलं सारण आंबलेलं होतं.

सलूनवालीने तुला घेतलं नाही हे कळलं. मी गेले होते तिच्याकडे. "चोरी तिने केलेली नाही, मी सांगतेय," म्हटलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे हो, पण नाव झालं ना." नाव झालं ते माझ्यामुळे. तू डोंगरातल्या गरम पाण्याच्या हॉटेलात चादरी धुण्याच्या कामावर जाते आहेस, हेही कळलं. तुझ्या केसांच्या कात्रीऐवजी माझा धंदा तुझ्या गळ्यात पडला.

आणि काल तू आलीस.

दुकानात त्सुगेबाई ब्लाउज घेऊन उभ्या होत्या, केसांच्या रंगाच्या डागासकट. या सगळ्यानंतर गायनमंडळ माझ्याशी बोलत नाही, पण डाग निघायला हवेत, तेव्हा येतात. तू त्यांच्या मागे रांगेत उभी राहिलीस. केस सगळे काळे करून. तुझी पाळी आली तशी ती निळी टोपी काउंटरवर ठेवलीस. मी पावतीपुस्तक ओढलं आणि न विचारताच तुझं नाव लिहायला लागले.

"थांबा," तू म्हणालीस. "नाव विचारा."

"मला माहीत आहे ग."

"सगळ्यांना विचारता ना? मलाही विचारा."

त्सुगेबाई जायच्या थांबल्या. ब्लाउजची पावती चाळवत उभ्या राहिल्या. तू काउंटरवर दोन्ही हात टेकून बघत होतीस. नखं स्वच्छ कापलेली होती. तुला काय हवंय ते मला कळलं, आणि ते तोंडातून काढणं त्या दिवसापेक्षा हजारपट कठीण होतं.

मी वाकले, आणि विचारलं, "माफ करा, कोण आपण?"

"कुमाई रुरी," तू म्हणालीस. दुकानाबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पाच ऑक्टोबरला चार वाजता मी तुमच्या घरी होते."

"होतीस," मी म्हटलं. "माझ्या घरी होतीस. रताळं खात होतीस. मी खोटं बोलले."

तू मान डोलावलीस, गिऱ्हाईक डोलावतं तशी. "शनिवारपर्यंत द्या. मी नसेन, दुसरं कोणी येईल." आणि गेलीस. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं असं लिहिणार होते, पण नाही आलं. मी तुझं नाव लिहीत होते, पूर्ण, पत्त्यासकट.

टोपी धुतली. घामाचा डाग निघाला, कपाळाकडचा. पुढे टोकावर तेलाचा एक ठिपका आहे, तो मी तीनदा घासला. निघत नाही. आणखी घासलं तर रंग जाईल, म्हणून सोडून दिला.

तू गेल्यावर त्सुगेबाईंनी काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "म्हणजे शेवटी कोण हो ती? नातच ना?"

मी म्हटलं, "नाही. नात असती तर मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं."

ओरिहारा सेत्सु